18 मिलीमीटरचं सुतारकाम

पहाटे साडेचार

अजान होते तेव्हा आमच्या खोलीतले निम्मे लोक जागेच असतात. शारजातल्या या इमारतीत खोलीला एक बाथरूम, तेव्हा झोपेपेक्षा नंबर महत्त्वाचा. ऑगस्टात दार उघडून जिन्यात आलं की चष्म्यावर वाफ धरते. सूर्य उगवायला अजून तासभर असतो आणि शर्ट पाठीला चिकटलेला असतो.

या दमट हवेवरच माझं पोट आहे. मी सुतार, पण अखंड लाकडाला माझा हात क्वचितच लागतो. खोक्यातून सुटी येणारी कपाटं-टेबलं घरोघरी जाऊन उभी करायची, जागेत बसत नसतील तर कापायची, आणि कापलेल्या, उचकटलेल्या, फुगलेल्या कडा पुन्हा माणसांत आणायच्या, हे माझं काम. वडिलांनी कुडाळच्या आसपास फणसाचे दरवाजे केले, घरांना वासे घातले. माझी फळी 16 नाहीतर 18 मिलीमीटर जाडीची, आणि माझी सगळी कारागिरी तेवढ्या रुंदीच्या पट्ट्यावर चालते. वडिलांना हे फोनवर समजावून सांगणं मी सोडून दिलंय.

सव्वापाचला व्हॅन सुटते. 2025च्या जानेवारीअखेरीपासून दुबईतल्या 'सालिक' टोलचा दर वेळेनुसार ठरतो. रात्री एक ते सकाळी सहा फुकट, सहाच्या ठोक्यापासून दहापर्यंत प्रत्येक गेटाला 6 दिऱ्हाम. शारजाहून येताना मम्झारपासून पुढे गेटं लागतच जातात. ती सहाच्या आत मागे टाकायची हा मालकाचा नियम. हिशेब त्याचा बरोबर आहे, झोप आमची जाते.

सव्वासहा

अल कूझच्या गोदामांच्या गल्लीत कॅफेटेरिया एव्हाना गजबजलेला असतो. कागदी कपात कडक चहा, सोबत बटाट्याचे चिप्स घालून गुंडाळलेला पराठा. पलीकडे अल्सरकाल ॲव्हेन्यूत अशाच पत्र्याच्या गोदामांची चित्रदालनं झालीत. तिथले लोक दहाच्या आत येत नाहीत.

फळीच्या कडेला पट्टी लावायचं मशीन तापायला वेळ घेतं. त्यातला गोंद 200 अंशांच्या आसपास नेल्याशिवाय धावत नाही. तोवर मी टेपचे गुंडाळे निवडतो. कागदी मेलामाइनची टेप, मागे गोंद लावूनच आलेली, इस्त्रीने चिकटवायची. पीव्हीसीची 0.4, 1 आणि 2 मिलीमीटर जाडीची. रुंदी 22, म्हणजे 18च्या फळीला ती दोन्ही अंगांनी दोन-दोन मिलीमीटर बाहेर राहते. चिकटवायला कोणीही चिकटवतं. तो बाहेरचा भाग फळीच्या तोंडाला ओरखडा न पाडता काढणं, यासाठी माणूस लागतो.

सरळ लांब फळ्या मशीन घेतं. आखूड, तिरक्या आणि गोल त्याच्या रोलरांत धरत नाहीत, त्या माझ्या पुढ्यात येतात. आज एका टेबलाची फळी आहे आणि काही कप्पे आहेत, सगळे कागदी टेपचे.

आधी कड नुसती बघायची. करवतीने चिपबोर्डाचे कण उपटलेले असतात. त्यावर पातळ पट्टी लावली तर आतली खाच महिन्याभरात वर उमटते. म्हणून ठोकळ्याला 120 नंबरचा सँडपेपर गुंडाळून कड एकसारखी करायची. नुसत्या बोटांनी पेपर मारायचा नाही. बोट मऊ असतं, ते जिथे भुसभुशीत तिथे खोल जातं आणि दोन्ही काठ गोल करून टाकतं. मग पट्टी मध्ये टेकते आणि काठाला पोकळ राहते, आणि ज्या फटीत नख जातं तिथे पाणीही जातं. पेपर मारून झाला की ब्रशने भुसा झाडायचा, कारण भुश्यावर गोंद धरत नाही.

मग इस्त्री, वाफ बंद करून. सावकाश पुढे न्यायची, थांबायचं नाही. थांबलात की कागद करपतो. गोंद वितळला की टेपच्या काठाखालून बारीक चमक डोकावते. ती दिसली की इस्त्री पुढे, आणि मागोमाग लाकडी ठोकळा दाबत न्यायचा. गोंद गार होईपर्यंत दाब सोडायचा नाही. घाईतली सगळी कामं इथे बिघडतात. गोंद गरम असताना कानस लावली तर टेप रबरासारखी हलते आणि फाटते.

गार झाल्यावर कानस, तीही एकाच दिशेने, पट्टीकडून फळीकडे ढकलत. मागे ओढली की टवका गेलाच. शेवटी 240 नंबर 45 अंशांत धरून हलके दोन-तीन हात. एखादा हात जास्त पडला की कागदाचा रंग जाऊन खालची तपकिरी रेघ उघडी पडते, आणि पांढऱ्या कपाटावर ती रेघ दारातूनच दिसते.

पीव्हीसीला मात्र पेपर दाखवायचाच नाही. ओरखडे पांढरे उठतात. तिथे धारदार पात्याने खरवडायचं. 2 मिलीमीटरची पट्टी गोल कोपऱ्यावर ताणली की तीही पांढरी पडते, पण हॉट गनची जरा ऊब दिली की रंग परत येतो. आमचा हेल्पर गोरखपूरचा पोरगा आहे. पहिल्यांदा हे पाहून त्याने मुद्दाम आणखी एक तुकडा वाकवून पांढरा केला आणि पुन्हा ऊब देऊन बघितला. मी ओरडलो नाही. असंच शिकतात.

त्याचा एक प्रश्न मात्र रोजचा आहे. "चाचा, नीचेवाला किनारा कौन देखेगा?"

सकाळी नऊ

जुमेरा लेक टॉवर्समधला एक टॉवर. वर जायच्या आधी सुरक्षारक्षकाला परवान्याचा कागद, ओळखपत्र, कामाची वेळ. मालाच्या लिफ्टला आतून गाद्या बांधाव्या लागतात, त्या बांधून होईपर्यंत थांबायचं. इथली घरं बहुतेक वर्षाच्या करारावर. लोक घरं बदलत राहतात आणि फर्निचर त्यांच्यामागून लिफ्टमधून वर-खाली करतं. उंचावर काचेआड राहणाऱ्यांची सगळ्यात जास्त झीज त्यांच्या कपाटांच्या कडांवर दिसते.

घर पुण्याच्या मंडळींचं निघालं. फेस्टिव्हल सिटीतल्या आयकियातून पुस्तकांचं कपाट आणलंय, शिवाय मुलाला अभ्यासाचं टेबल. कपाट भिंतीला टेकत नाही, कारण खाली स्कर्टिंगची टाइल बाहेर आलेली आहे. मागे बोटभर फट राहते, आणि उंच कपाट भिंतीला जखडायचं तर ती चालत नाही. उपाय एकच. बाजूच्या दोन्ही फळ्यांच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात टाइलच्या मापाची खाच घ्यायची.

"काका, कारखान्यातून आलेलं फर्निचर, त्याला पुन्हा घासायचं कशाला?" घरच्या ताईंनी विचारलं.

"कारखान्याचं मी घासत नाही, ताई. मी कापलं तेवढंच घासतो."

"पण ते मागेच जाणार ना? कोणाला दिसणार?"

पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, इकडे ये, हात लाव. खाचेत उघडा चिपबोर्ड होता, भुश्याचा आणि गोंदाचा चुरा. घरात रोज ओल्या मॉपने लादी पुसतात. त्याचं पाणी स्कर्टिंगच्या कडेला साचतं आणि नेमकं या उघड्या कडेतून वर चढतं. चिपबोर्ड पाणी प्यायला की फुगतो आणि सुकला तरी परत बसत नाही. फुगलेल्या कडेला पेपर मारून काही होत नाही. वरचं मेलामाइन तेवढं फुटतं आणि आतला चुरा आणखी मोकळा होतो. तेव्हा कापून काढणं किंवा झाकणं एवढंच उरतं. म्हणून न दिसणाऱ्या कडेला मी दिसणाऱ्या कडेपेक्षा जास्त वेळ देतो. 120 नंबर, झाडून घेणं, मग पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद ब्रशने जिरवायचा, सुकला की दुसरा हात. वरून वार्निश. फळीच्या तळालाही.

"चहा घेणार ना?"

"घेईन, पण आधी हा भुसा उचलतो. एसी लावलाय, घरभर जाईल."

"तुम्ही कोकणातले का?"

"कुडाळकडचा."

"बोलण्यावरून वाटलंच," ताई म्हणाल्या, आणि चहाबरोबर चकलीही आली.

सुट्या फर्निचरची गोष्ट सांगतात ती 1956ची. आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल गाडीत बसवता येईना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले. तिथून सगळं सुरू झालं. पाय सुटे, पाठ सुटी, सोबत एक वाकडी चावी आणि बिनशब्दांच्या चित्रांची पुस्तिका. चित्रात एकटाच माणूस गोंधळलेला असतो, शेजारच्या चित्रात दोघं असतात आणि हसतात. आता सुतार लागणार नाही, हा त्याचा अर्थ. पण चित्रातल्या भिंतीला स्कर्टिंग नसतं.

मुलाचं टेबल एमडीएफचं. त्यात वायरींसाठी गोल भोक पाडून हवं होतं, आणि पुढचा काठ बोथट. एमडीएफची गंमत अशी, की तिची पाठ-पोट गुळगुळीत आणि कापलेली कड मात्र रंग पितच राहते. तीन हात दिले तरी खरखरीत. म्हणून आधी 180 नंबर, मग कड भरणारा प्रायमर, सुकल्यावर 240, पुन्हा प्रायमर, 320, तेव्हा कुठे रंग. प्रायमर सुकायची वाट पाहत बसावं लागतं आणि माणसांना वाटतं मिस्त्री नुसताच बसलाय.

काठ बोथट करायचं कारण मुलाचं मनगट आहे, तसा रंगही आहे. तीक्ष्ण कोपऱ्यावर रंग ठरत नाही, दोन्हीकडे ओढला जातो आणि काठावर अगदी पातळ राहतो. पहिला तिथूनच उडतो. कोपरा जरासा गोल केला की रंग टिकतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी आंबे-केळी करणाऱ्यांकडे शाळेच्या सुट्टीत पेपर मारायला बसायचो. पांगाऱ्याचं हलकं, मऊ लाकूड. ते पोरांच्या तोंडात जाणार, म्हणून कुठे काठ राहिलेला चालायचा नाही. तपासायला म्हातारे डोळे मिटून गालावर फिरवायचे. टेबल गालावर फिरवता येत नाही, म्हणून मी मनगटाची आतली बाजू वापरतो. बोटांची टोकं आमची मेलेली असतात.

दुपारी साडेबारा

15 जून ते 15 सप्टेंबर, साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम करायला कायद्याने बंदी. मोडली तर मालकाला दर माणसामागे 5,000 दिऱ्हाम दंड. आम्ही घरात काम करतो, त्यामुळे नियम थेट लागत नाही. पण फळ्या कापायचं टेबल व्हॅनच्या मागे, पार्किंगात उघड्यावर मांडतो. ते या वेळात मांडता येत नाही. म्हणजे कापायचं सगळं बाराच्या आत.

व्हॅनमध्ये बसणं शक्यच नाही. बंद गाडी उन्हात इतकी तापते, की चिकटवलेल्या पट्टीचा गोंद पुन्हा मऊ पडतो. एकदा रचून ठेवलेल्या फळ्यांच्या पट्ट्या एकमेकींना धरून आल्या होत्या. गोंदाचे आणि थिनरचे डबे तर सोबत उचलूनच न्यावे लागतात. तळघरातल्या पार्किंगात, खांबाच्या आडोशाला डबा उघडायचा. रक्षक सज्जन असला तर दुसरीकडे बघतो.

आपल्याकडे तेव्हा दोन वाजून गेलेले असतात. भावाचा फोन याच वेळी.

"जेवलंस?"

"जेवतंय. तुझा काय चललाहा?"

"पाट घासूक घेतलंय. माटवीचे रिपी बदलूक होये. चवतीक येतलंस मा?"

"बघतंय. तिकिटां म्हाग आसत."

गणपतीचा पाट दरवर्षी नव्याने घासायची, मूर्तीवर टांगायची माटवी नीट करायची, अशी आमच्याकडे पद्धत. भाऊ पाटाला अजून रंधा मारतो. मी म्हटलं, कडेला झिरो पेपर मार, गेल्या वर्षी सोवळ्याचा धागा अडकत होता. तो म्हणाला, दुबैत बसून शिकवू नको.

दुपारी तीन

करामा. चार मजल्यांची जुनी इमारत, खाली उडप्याचं हॉटेल. येताना बर दुबईवरून आलो. अल फहिदीच्या जुन्या घरांचे दरवाजे सागाचे आहेत, आणि तो साग हिंदुस्थानातून गलबतांनी आलेला. इथल्या वाळवंटात गाफ आणि खजूर, फळी काढण्यासारखं झाड नाहीच. तेव्हाही लाकूड समुद्रावरून यायचं आणि आताही येतं, फक्त आता ते चुरा करून, दाबून, पांढरा कागद चिकटवून येतं. 1966पर्यंत या दुबईत रुपया चालायचा. त्या दरवाजांचे पैसे रुपयांत मोजले असणार, असं माझ्या मनात येतं आणि उगाच बरं वाटतं.

काम जुन्या कपाटाचं. देश सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून या नवऱ्या-बायकोने ते विकत घेतलं, स्वस्तात. त्याआधीही ते कोणीतरी कोणाकडून घेतलेलं. चिपबोर्डाचं कपाट एकदा जोडायला केलेलं असतं. दुसऱ्यांदा जोडता येतं, तिसऱ्यांदा त्याच्या भोकांत स्क्रू नुसता फिरतो. भोकात लाकडी खुंटी गोंद लावून ठोकायची, कापायची, तिच्यात नव्याने भोक पाडायचं. ते सोपं. अवघड पांढरा रंग.

पांढरे किती असतात हे या धंद्यात पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. कंपनीचा पांढरा निळसर, आमच्या टेपचा दुधी, आणि हे कपाट खिडकीशी वर्षानुवर्षं उभं राहिल्यामुळे एका बाजूने पिवळं पडलेलं. मी माझ्याकडचे टेपचे तुकडे एकामागून एक कडेला धरतो. आधी बाल्कनीच्या उजेडात, मग दिवा लावून, कारण घरातला पिवळा बल्ब रंग एक करून दाखवतो आणि सकाळी फसवणूक उघडी पडते. एकही जुळला नाही. तेव्हा मी जुळवायचा नाद सोडला आणि दारांच्या चारही कडांना नवी, जरा राखाडी पट्टी लावूया का असं विचारलं. ठिगळ लपत नसेल तर ते मुद्दाम केलंय असं दिसावं. बाईंना पटलं, नवऱ्याला खर्च दिसला. शेवटी दारं राखाडी, कप्पे आहेत तसे. जिथे नुसता टवका गेला होता तिथे मेणकांडी गरम करून भरली, प्लास्टिकच्या पट्टीने सपाट केली, वर रंगाचा मार्कर.

जुन्या पट्ट्या काढताना दिसलं, सगळ्या 0.4च्या. कुठल्या तरी दुकानाने बदलून दिलेल्या असणार. कोपऱ्या-कोपऱ्याला उडालेल्या, आणि जिथे उडाल्या तिथे फळी फुगलेली. मी फोटो काढून ठेवले.

संध्याकाळी सहा

पेपर मारताना मास्क घालतो, एफएफपी-2चा. पोरगा काढून ठेवतो, उकडतं म्हणतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. फळीतल्या गोंदातून येणारा फॉर्मल्डिहाइडही 2004पासून त्याच गटात. नवं खोकं उघडलं की डोळे चुरचुरतात तो वास त्याचा. युरोपच्या ई-1 दर्जाच्या फळीत तो कमी असतो, पण बंद खिडक्या आणि चोवीस तास एसी असलेल्या घरात कमी तेवढाही साठतो. उघडी कड जिरवून बंद करायचं हे आणखी एक कारण, कारण वास पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडेतून जास्त येतो. पोराला हे सांगितलं की तो मास्क घालतो, दहा मिनिटं.

भुसा उचलणं हे शेवटचं काम आणि माझ्या मते अर्धं काम. व्हॅक्यूम, मग ओलसर फडकं, मग दाराच्या रुळांतून ब्रश. गिऱ्हाइकाला कड कशी झाली हे कळत नाही. सोफ्यावर भुसा राहिला तर कळतं.

परतीला साडेसहा होतात. या वेळी शारजाकडे जाणारा प्रत्येक रस्ता तुंबलेला, आणि चार ते आठ पुन्हा टोलचा चढा दर. मालकाच्या हिशेबात परतीची वेळ बसत नाही, म्हणून त्याबद्दल तो काही बोलत नाही.

रात्री नऊ

हजेरी फोनवर अंगठा लावून द्यायची असते. माझा अंगठा लागत नाही. पेपराने रेषाच घासून टाकल्यात. करंगळी नोंदवलीय, ती लागते.

भात आणि चेट्टनने केलेली माशाची कढी. तो केरळचा, आमच्यात सगळ्यात थोरला, आणि कोकम घातलं की बिघडतं असं मानणारा. त्यावर वाद रोजचा.

जेवताना मालकाचा निरोप आला. उद्या अल बर्शात स्वयंपाकघराचे कप्पे आहेत, गोदामात 0.4ची टेप भरपूर पडलीय, तीच संपवा. स्वयंपाकघर, म्हणजे वाफ आणि ओला हात. मी दुपारचे फोटो पाठवले, फुगलेल्या कोपऱ्यांचे, एकेक जवळून. खाली लिहिलं, 1 मिमी लावू, मीटरमागे फरक थोडाच पडतो, सहा महिन्यांनी परत जावं लागणार नाही.

त्याने नुसता अंगठा पाठवला. होकार की फक्त पोच, ते सकाळी कळेल. 1 मिमीचा गुंडाळा मी संध्याकाळीच व्हॅनमध्ये टाकून आलोय.